माळ्यावरची ऊब

ताईच्या घरी हिवाळ्याआधी माळा नीट करणं हे दाजींचं काम होतं. थंडीची चाहूल लागली की एक दिवस ते जुना सदरा अंगात घालायचे, कानटोपी चढवायचे आणि शिडी लावून वर गडप व्हायचे. संध्याकाळी उतरायचे ते भुवयांना जळमटं लावून. भेगा बुजवायच्या, पाण्याच्या पाइपांना चिंध्या गुंडाळायच्या, उंदरांनी कुठे पोखरलंय का बघायचं, आणि मुख्य म्हणजे अस्तर सारखं करायचं. त्या बैठ्या घराच्या छताच्या फळ्यांवर जाड, लोकरीसारख्या कापसाचा थर पसरलेला होता, खालची ऊब वर निसटू नये म्हणून. मी कपडे शिवते, त्यामुळे दाजी मला म्हणायचे, "शिंपीणबाई, तुम्ही कोटाला अस्तर लावता, मी घराला लावतो." मला ते कधी नावाने हाक मारायचे नाहीत. शिंपीणबाई, बस्स.

मागच्या हिवाळ्याच्या अखेरीस दाजी गेले. यंदा ताईचा गुडघा दुखायला लागला आणि माळ्याचं काम तसंच राहिलं. तिने मला फोन केला. म्हणाली, बारके, वर कोण चढणार आता? मला 'बारके' म्हणणारी जगात ती एकटीच. हातातले कपडे गिऱ्हाइकांना देऊन मला निघायला उशीर झाला, आणि मी पोचले तेव्हा गावावर बर्फ पडून गेला होता.

बसथांब्यावरून चालत आले. समोरच्या घरातल्या काकू पायऱ्यांवरचा बर्फ खराट्याने ढकलत होत्या. मला बघून थांबल्या, कशी आहेस विचारलं, आणि ताईच्या छपराकडे हनुवटीने खूण करून हसत म्हणाल्या, की तुझ्या ताईने माळ्यावर शेगडी पेटवली आहे की काय? मी वर बघितलं. सगळं छप्पर पांढरंशुभ्र होतं, फक्त मागच्या बाजूला, ताईच्या झोपायच्या खोलीवर, एक लांबट तुकडा उघडा पडला होता. तिथली काळी कौलं ओली चमकत होती.

त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. अस्तर सरकलं असेल, ऊब वर जात असेल, बर्फ वितळत असेल. हेच तर दुरुस्त करायला आले होते मी.

ताईने दार उघडलं आणि मला जवळ घेतलं तेव्हा मात्र मी दचकले. तिचे हात बर्फात ठेवल्यासारखे गार होते. घरात हीटर चालू, अंगात स्वेटर, त्यावर शाल, तरी गार. ती म्हणाली, असंच असतं गं आता, वय झालं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या होत्या, रक्त तपासलं होतं, सगळं ठीक होतं. जेवणही चांगलं होतं. फक्त ऊब टिकत नव्हती अंगात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिडी लावली. ताई खालून धरून उभी होती, मी नको म्हणत असतानाही. झाकण वर ढकललं आणि तो वास आला: जुनं लाकूड, धूळ, आणि थंडीचा स्वतःचा एक वास असतो, लोखंडासारखा, तो. वर उभं राहता येत नव्हतं. मी गुडघ्यांवर सरकत टॉर्च फिरवला. छपराच्या फळ्यांतून खिळ्यांची टोकं खाली आली होती आणि प्रत्येक टोकावर पांढरं दहिवर गोठलं होतं. टॉर्च हलला की ती रांगच्या रांग लुकलुकायची. वाऱ्याचा आवाज नाही, उंदराची खुडबुड नाही. माझ्या श्वासाची वाफ तेवढी पुढे पुढे जात होती.

मागच्या टोकाला पोचले तेव्हा खिळे काळे होते. दहिवर नव्हतं. आणि त्यांच्या खाली अस्तर दबलेलं होतं.

सरकलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. दबलेलं. रोज कोणी एकाच कुशीवर झोपलं की गादीला जसा खळगा पडतो, तसा खळगा. मी हातमोजा काढून त्यात तळवा ठेवला. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं अंथरूण असतं ना... तसं कोमट होतं ते.

मांजर, मी स्वतःला सांगितलं. नाहीतर एखादं रानातलं जनावर, थंडीला आत शिरलेलं. पण केस दिसेनात, घाण दिसेना, आत यायला फटही दिसेना. वास होता तो उशीच्या अभ्र्यासारखा. मी ते अस्तर पिंजून सारखं केलं, सोबत आणलेला नवा थर त्यावर घट्ट अंथरला, आणि मग इतर कामं उरकली. पाइप गुंडाळले, भेगांत चिंध्या कोंबल्या. हात कामाला लागले की मन शांत होतं. खाली उतरून मी ताईला ऐटीत म्हटलं, आता बघ कशी उबदार झोप लागते. ती नुसती हसली. विचारलं, "वर काही दिसलं का गं?" मी नाही म्हटलं. तिने मान डोलावली, पण तिची नजर माझ्यावर नव्हती, छताकडे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या ओट्यावरून पाहिलं, तर बर्फातली उघडी जागा होती तिथेच होती. उलट कडेने थोडी वाढली होती. मी पुन्हा वर गेले. मी घट्ट अंथरलेला नवा थर तळापर्यंत दबला होता.

मग मी मिस्त्रींना बोलावलं. गावातली छपरं तेच बघायचे. बोलका माणूस. आल्या आल्या चहा मागितला, ताईला म्हणाले, तुमच्या घराला ताप आलाय, औषध देऊन जातो. शिडीवर चढतानाही त्यांचं तोंड चालू होतं. वर गेल्यावर थोडा वेळ ठोकाठोक ऐकू आली. मग ती थांबली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ते उतरले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता ताईच्या खोलीत जाऊन तिच्या पलंगाच्या बरोबर वर, छताच्या फळीला हात लावला. मला म्हणाले, तुम्ही लावून बघा. मी पलंगावर चढून हात लावला. फळी इतकी गार होती की बोटं चिकटली. तिच्या शिरांमध्ये बारीक दहिवर धरलं होतं, घराच्या आतून, हीटर चालू असलेल्या खोलीत.

त्यांचं म्हणणं असं, की ऊब गळत असेल तर खालची फळी गरम लागायला हवी. इथे उलटं होतं. फळी गार, वर खळगा गरम. गळत नव्हती ऊब. कोणीतरी ओढून घेत असल्यासारखी वर जात होती. हे सांगताना ते स्वतःवरच चिडल्यासारखे दिसत होते. दारापाशी गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"बाई, वर कोणी झोपतं का?"

"नाही हो."

"मग ताईंचा पलंग तिथून हलवा," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून गेले.

मी त्याच दुपारी ताईचं अंथरूण पुढच्या खोलीत हलवलं. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गालांवर रंग होता. हात हातात घेतले तर कोमट. तिने स्वतःच्या हाताने चहा केला, माझ्या शिवणीतल्या चुका काढल्या, दाजी घोरायचे त्याची नक्कल करून दाखवली. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसलो. मला वाटलं, चला, सुटलो.

त्यानंतर पुन्हा बर्फ पडला. दिवसभर पडत होता, आणि थांबला तेव्हा काकू रस्ता ओलांडून आल्या. हसत नव्हत्या. त्यांनी मला शालीसकट बाहेर बोलावलं आणि वर बघ म्हणाल्या. मागच्या खोलीवरची जागा आता पांढरी होती. उघडी जागा पुढच्या खोलीवर होती. आणि दोन्हींच्या मध्ये, छपरावरून तिरपी, एक अरुंद काळी रेघ वितळलेली होती. सरपटत गेल्याची रेघ.

काकूंनी माझा दंड धरला होता. म्हणाल्या, तुला सांगू की नको असं झालं होतं, पण सांगते. तुझ्या ताईच्या आधी त्या घरात एक घड्याळजी राहायचा, एकटाच. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यांत छपरावर अशीच जागा असायची. तो भर उन्हाळ्यात कोट घालून फिरायचा, आम्ही पोरं त्याला हसायचो. तो गेला, घर बंद राहिलं, आणि छप्पर पांढरं राहिलं. तुझी ताई आणि दाजी आले त्यानंतरही कितीतरी वर्षं काही नव्हतं. मागच्या वर्षी दाजी अंथरुणाला खिळले, तेव्हा पुन्हा दिसायला लागली.

मी विचारलं, ते आजारी पडल्यानंतर?

"नाही गं," काकू म्हणाल्या. "आधी."

मी घरात आले. ताई पुढच्या खोलीत रजईत शिरून डोळे मिटून पडली होती. तिचे ओठ निळसर दिसत होते. मला एकाएकी राग आला, भीतीपेक्षा जास्त. म्हटलं, हे अस्तरच नको. सगळं पोत्यांत भरते आणि बाहेर फेकते, मग थंडी वाजली तर वाजली. ताईला न उठवता मी पोती काखोटीला मारली आणि शिडी लावली. अजून उजेड होता, पण हिवाळ्यातला तो संध्याकाळचा उजेड, राखेसारखा, झाकणाच्या आत दोन हातसुद्धा येत नव्हता.

अस्तरातून एक घळ पडली होती, मागच्या खळग्यापासून पुढच्या खोलीपर्यंत. मी तिच्या कडेकडेने सरकत गेले. पुढच्या टोकाला टॉर्च टाकला. नवा खळगा होता. रिकामा. मी पोत्याचं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पाहिलं... रिकाम्या खळग्याच्या कडेचा कापूस हलत होता. हळूच वर यायचा, हळूच खाली जायचा. माझा श्वास मी रोखून धरला होता. तरी तो हलत होता.

आणि मग खालून, फळ्यांच्या पलीकडून, ताईचा आवाज आला. ती झोपलेली नव्हती. अगदी हळू, रोजच्या बोलण्यासारखी ती विचारत होती,

"पुरतंय का हो तुम्हाला?..."

माझ्यापासून हातभर अंतरावर कोणीतरी घसा खाकरला. दाजींचाच घसा. शेवटच्या आजारात ते खाकरायचे तसा.

"अजून..." तो आवाज म्हणाला. "थोडी अजून."

आवाज दाजींचा होता, खोटं कशाला बोलू? त्यांचाच जडपणा, त्यांचाच घोगरेपणा. पण शब्द कसे तरी ठेवले होते. जिला भाषा येत नाही अशा एखाद्या वस्तूने फळ्यांना कान लावून, वर्षानुवर्षं ऐकून ऐकून ते जमवले असावेत तसे. खाली ताई म्हणाली, "घ्या, घ्या." आणि माझ्या गालावर ऊब आली. ओलसर ऊब, उघड्या तोंडातून येते तशी. टॉर्चमध्ये मला काहीही दिसत नव्हतं. नुसता खळगा, आणि त्याच्या कडा.

मी मागे सरकले. गुडघ्याखाली फळी वाजली. कापूस हलायचा थांबला.

"बारके," ते म्हणालं.

मी खाली कशी आले मला आठवत नाही. हाताला खरचटलं होतं, पोती वरच राहिली होती. झाकण ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीत जाऊन तिच्या अंथरुणाशी बसले. ती छताकडे बघत होती. चेहरा अगदी शांत. मी तिचे हात चोळायला लागले, चोळत राहिले, लाकूड चोळावं तसं. मग ती बोलायला लागली. दाजींना शेवटी शेवटी किती थंडी वाजायची ते. चार चार रजया घालून, गरम पाण्याच्या पिशव्या लावून, हीटर पलंगाला चिकटवूनही ऊब पुरायची नाही. तेव्हा एकदा त्यांना कवटाळून ती म्हणाली होती, माझी घ्या. आणि ते गेल्यावर, यंदा पहिली थंडी पडली तेव्हा, वरून त्यांनी हाक मारली.

मला गप्प बसता आलं असतं. तिच्या त्या शांत चेहऱ्याकडे बघून क्षणभर तसं वाटलंही. पण तिच्या नखांखालची निळाई दिसत होती मला.

"ताई... ते दाजी नाहीत," मी म्हटलं. "त्याने मला बारके म्हटलं. दाजी कधी बारके म्हणाले होते का?"

बाहेर छपरावरून पाणी टपटप गळत होतं. मग तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतले आणि रजईत ठेवले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण आवाज त्यांचा आहे ना गं."

मी उठले आणि तिचे कपडे बॅगेत भरायला लागले. काकूंच्या यजमानांनी गाडी काढली. ताईने विरोध केला नाही, मदतही केली नाही. तिला आम्ही दोघांनी धरून गाडीत बसवलं तेव्हा तिचं वजनच नसल्यासारखं झालं होतं. घराला कुलूप लावलं, हीटर बंद, पाणी बंद. गाडी वळली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही. मला बरं वाटलं होतं त्याचं.

माझी जागा चार मजली इमारतीत, मधल्या मजल्यावर आहे. खाली माणसं, वर माणसं, दिवसभर पायांचे, भांड्यांचे, भांडणांचे आवाज. वसंत येईपर्यंत ताई भरून आली. मी तिच्या आवडीचं काम काढून दिलं, बटणं लावायचं. उन्हाळ्यात ती गच्चीवर जाऊन बसायची. रोज सकाळी मी काहीतरी निमित्त काढून तिचे हात धरायची, गरम असायचे. गुडघाही सुधारला. दाजींचं नाव आमच्यात निघायचं, हसतही असू आम्ही. त्या घराबद्दल मात्र ती बोलत नव्हती, आणि मीही नव्हते.

मग पुन्हा थंडीचे दिवस आले. बंद घराचे पाइप गोठून फुटतात, म्हणून मी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, की जमलं तर माळ्यावर एकदा नजर टाका, उजेड असताना, आणि एकटे जाऊ नका. त्यांना जायचं नव्हतं हे कळत होतं मला. पण माणूस शब्दाचा पक्का. आज दुपारी त्यांचा फोन आला.

ते आणि त्यांचा भाऊ गेले होते. आधी झाकण उघडेना. दोघांनी पहारीने उचकटलं तेव्हा कळलं, त्याच्या चारही कडांना आतून कापूस ठासून भरला होता. आत सगळं जागच्या जागी होतं. अस्तर सारखं पसरलेलं, कुठे खळगा नाही, घळ नाही. पाइपांना नवे वेढे दिलेले. छपराची एकूण एक फट बुजवलेली, बारीक बोटांनी कोंबून कोंबून, खिळ्याएवढी भेगसुद्धा सोडली नव्हती. इतकं नीट काम मी स्वतः केलं नसतं, मिस्त्री म्हणाले. पुढे म्हणाले, घर खाली पूर्ण गार आहे बाई, पाण्याचा थेंब टाकला तर गोठेल. आणि वर आम्हाला घाम आला. त्यांनी झाकण लावलं आणि घराची किल्ली काकूंकडे परत देऊन टाकली. पुन्हा त्या घराचं काम मला सांगू नका, असं अगदी नम्रपणे म्हणाले.

मी फोन ठेवला. ताई खिडकीपाशी बटणं लावत बसली होती. सुई थांबवून तिने विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, मिस्त्रींचा. माळा ठीक आहे म्हणाले.

"भेगा बुजवल्यात ना?" ती म्हणाली.

भेगांचं मी तिला काही सांगितलंच नव्हतं. ती दोरा दाताने तोडत होती, अगदी रोजच्यासारखी.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली, "थंडी पडायच्या आत उरकून घे म्हणून."

दाजींना म्हणायची तसं 'त्यांना' नाही म्हणाली ती. 'त्याला' म्हणाली.

"कधी सांगितलंस?" मी विचारलं.

ताईने नवं बटण उचललं, उजेडाकडे धरून त्याची भोकं पाहिली आणि सुई ओवायला घेतली.

"काल," ती म्हणाली.